प्रायश्चित्ताचा अर्ज

विजया आगाशेला कशाची किळस येत नाही, अशी सर्जिकल वॉर्डात तिची ख्याती होती. नव्या पोरी नाकाला रुमाल लावून बाहेर पळायच्या, तिथे विजया गँगरीनचा पाय मांडीवर घेऊन ड्रेसिंग करायची आणि वर पेशंटला विचारायची, काल जेवण पोटभर झालं ना? पू, रक्त, वांती, बेडपॅन, सगळं करून झालं होतं. बारा वर्षांच्या नोकरीत, त्यातली आठ कुवेतमधली, तिच्या पोटात कधी ढवळलं नाही. तिला किळस यायची ती धडधाकट माणसांची.

आणि एकोणऐंशी सालच्या कुवेतमध्ये धडधाकट माणसं रग्गड होती. कुवेतच्या मंगफ भागात राहणाऱ्या बाळासाहेब इंजिनियरांचंच घ्या. बायको-मुलं डोंबिवलीला, आणि इथे दर शुक्रवारी मराठी मंडळींना जेवायला बोलावणं. विजयाला 'ताई' म्हणत म्हणत पाठीवरून हात फिरवायचा आणि विचारायचं, एकट्या किती दिवस राहणार हो तुम्ही? तोंडात वेलची असायची आणि वेलचीच्या खालून घरी गाळलेल्या दारूचा भपकारा यायचा. मंडळातल्या बायकाही काही कमी नव्हत्या. विजयाचा नवरा लग्नानंतर चौदा महिन्यांत काविळीने गेलेला, म्हणून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं नसे. पोरांना इंजेक्शन टोचायला मात्र हक्काने फोन यायचा. ती जायची, टोचायची, चहा नको म्हणायची आणि परत येऊन हात धुवायची. आता ती छत्तीस वर्षांची झाली होती आणि या सगळ्याचा तिला वीट आला होता.

अशा बाईसमोर लक्ष्मीकांतपंत उभे राहिले, तर काय होणार?

तिला त्यांच्यापर्यंत नेलं पुंडलिकाने. पुंडलिक वेंगुर्ल्याकडचा सुतार, काँट्रॅक्टवर आलेला, राई नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका गुदामात एअरकंडिशनरांची खोकी ठोकायचा. एकदा त्याच्या हाताला पटाशी लागली होती, तेव्हा विजयाने टाके घातले होते. एप्रिलच्या एका दुपारी तो वॉर्डाच्या दारात येऊन उभा राहिला, घामाने निथळत.

"बाये, चल माझ्यावांगडा. गुदामात एक बामण इलो हा."

"कुठून आला?"

"खंयसून नाय. कायच नव्हता थंय, आणि एकदम इलो. खुर्चीसकट."

विजयाने त्याला ऊन लागलं असेल असं धरलं आणि ग्लुकोज घेऊन गेली. गुदामाच्या मागच्या बंद खणात, कुजकट पुठ्ठ्याच्या आणि डिझेलच्या वासात, सागवानी बाक होता. दोन माणसांचा, लाल मखमलीच्या गादीचा. त्याला पितळेची चाकं, तांब्याच्या तारेची भली थोरली वेटोळी, काचेच्या बरण्यांतल्या बॅटऱ्या आणि देवघरातल्या घंटेएवढं घड्याळ. बाकाशेजारी पगडी, अंगरखा आणि धोतर अशा वेशात एक गोरेला, तिशीतला माणूस उभा होता. तो उन्हाने अर्धमेला झाला होता आणि पुंडलिकाने पुढे केलेलं पाणी पीत नव्हता.

हेच लक्ष्मीकांतपंत, आणि ते राणीच्या ज्युबिलीच्या सालातून आले होते. इराणी किनाऱ्यावरच्या इंग्रजांच्या तारऑफिसात ते कारकून. तिथल्या साहेबाने हे यंत्र केलं, ते आपल्या मडमेला पुढचा काळ दाखवायला. म्हणून बाक दोघांचा. मडम म्हणाली, आधी कुणाला तरी बसवून बघा. साहेबाने कारकुनाला बसवलं, आणि यंत्र काळाबरोबर आखातही ओलांडून इथे आलं. चावी चाळीस दिवसांची दिलेली होती. ती उलगडली की यंत्र आपोआप माघारी जाणार, जिथून निघालं तिथे, त्याच दिवशी. विजयाने विश्वास का ठेवला म्हणाल, तर पंतांच्या कनवटीला राणीच्या मुखड्याचे रुपये होते, कालच टांकसाळीतून निघाल्यासारखे. आणि बाकावरचा घड्याळाचा काटा एकटाच, कुणी हात न लावता, उलटा चालला होता.

इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नसलेला माणूस, त्याला ना इस्पितळात नेता येत होतं ना कुणाच्या खोलीवर. पंत गुदामातच राहिले. मागचा खण मालक वापरत नसे, किल्ली पुंडलिकाकडे होती. विजया सकाळची ड्युटी संपली की दुपारी अडीचला डबा घेऊन यायची.

जुन्या काळाचं एक बरं असतं, तो आपल्याला नुसता वाचायला मिळतो, त्याचा वास येत नाही. विजयाला तर तो असा घरपोच आला, आणि तोही धुतल्या धोतराचा. ती आली की पंत उठून उभे राहायचे. 'आपण' म्हणायचे. बोलताना नजर तिच्या पावलांच्या वर जात नसे, आणि बाळासाहेबांची नजर पाहिलेल्या बाईला याचं किती अप्रूप वाटलं असेल ते मी सांगायला नको. तिने वॉर्डातलं सांगितलं तर मध्ये न बोलता ऐकायचे. एकदा त्यांनी सांगितलं, की वर्तमानपत्रात त्यांनी विधवांच्या पुनर्विवाहाच्या बाजूने चार लेख लिहिलेत, आणि त्यापायी नातलगांचे शिव्याशाप खाल्लेत. विजया त्या दिवशी परत जाताना बस चुकली तरी चिडली नाही.

एकोणिसाव्या दिवशी त्यांनी तिचा हात धरला. पंचविसाव्या दिवशी त्याहून थोडं पुढे गेलं. तेरा वर्षं तिला कुणी मायेने हात लावला नव्हता. आपल्या अंगाला अजून काही समजतं हेच ती विसरून गेली होती. सत्ताविसाव्या दिवशी ते म्हणाले, "बाकावर दोन माणसांची जागा आहे. आपण यावं. आपल्याशी रीतसर विवाह करीन."

तिने हो म्हटलं. मेट्रनने काँट्रॅक्ट वाढवायचा कागद पुढे केला होता, तो तिने सही न करता लॉकरमध्ये टाकला. चाळिसावा दिवस शुक्रवारी येत होता आणि कागदाची मुदत शनिवारी सकाळी संपत होती. सही राहिली तर नोकरी गेली, नोकरीबरोबर इकामा गेला, आणि मुंबईला परत जायचं तर कुणाच्या दारात जाणार? पण तिला कुठे परत जायचं होतं? ती पट्ट्या, सल्फाची पावडर, पेनिसिलीन असं काय काय पिशवीत भरत सुटली. त्या काळात आपण किती उपयोगी पडू, या विचाराने तिला चालता चालता हसू यायचं.

पुंडलिक मात्र खूश नव्हता. "बाये, तुका एक सांगू? तू गेलंस काय तो न्हाता. डोकीवरसून. चार-चार डबे पाणी वतता."

"स्वच्छ माणूस आहे."

"तू येवच्या आधी नाय न्हात. तू गेल्यार न्हाता."

"उकडतं रे त्यांना," विजया म्हणाली. टँकरचं पाणी पुंडलिकच भरून आणत होता; तो रिकामे डबे घेऊन पुन्हा टँकरकडे निघाला.

अडतिसाव्या दिवशी वॉर्डातलं एक ऑपरेशन रद्द झालं आणि ती तासभर आधी पोचली. पत्र्याच्या आडोशामागून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. पुंडलिकाने नुकतंच पाणी आणून दिलं होतं, त्याचा स्पर्श झाला असावा. खोक्यावर लांबलचक कागद उघडाच पडला होता, शाई वाळत घातलेला. मोडीत लिहिलेला. पंतांनी तो झाकला नव्हता, कारण झाकायचं त्यांच्या मनातच येणार नव्हतं. बाईसमोर मोडी म्हणजे मांजरीसमोर पंचांग.

पण विजयाला चौथीत गुरुजींनी मोडी घोटून शिकवली होती. अडखळत, अक्षर सोडवत सोडवत ती वाचत गेली. आधी तिला वाटलं, घरी आपल्याविषयी काही लिहिलं असेल. लिहिलं होतंच.

गावच्या समस्त ब्रह्मवृंदाच्या चरणी तो प्रायश्चित्ताचा अर्ज होता. माघारी गेल्यागेल्या तारऑफिसातून टपालाने पुढे धाडायचा, म्हणजे पंत घरी पोचेपर्यंत सभेत वाचून निर्णय झालेला असेल. परदेशी अकल्पित जाणे घडले. हलक्या जातीच्या सुताराने आणलेले उदक नाइलाजाने प्यावे लागले. एका विधवेच्या हातचे अन्न इतके दिवस खाल्ले. मग पुढे:

'सदर स्त्रीचा अंगस्पर्श वेळोवेळी घडला, तो मोहवश नसून कार्यवश. प्रत्येक वेळी सचैल स्नान केले आहे. मातोश्री तीन वर्षे अंथरुणास खिळून असून मलमूत्र जागीच होते, ते काढण्यास घरातील स्त्रिया कंटाळल्या आहेत. सदर स्त्री शुश्रूषेच्या कामी निपुण असल्याने तीस समागमे आणीत आहे. ती सकेशा आहे, तरी तेथे पोचताच तिचे वपन करविण्यात येईल, त्याविषयी मंडळींनी निश्चिंत असावे. विवाहाचे बोलणे केवळ तिने यावे एवढ्यासाठी लाविले आहे.'

विजयाने ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना 'वपन' हा शब्द तिला लागलाच नव्हता. दुसऱ्यांदा लागला: मुंडण. ती बाहेर आली, टँकरच्या मागे गेली आणि भडाभडा ओकली. बारा वर्षांत पहिल्यांदा. उन्हात तापलेल्या वाळूत ते तिच्यादेखत सुकत गेलं, तरी तिच्याने तिथून हलवेना.

त्याची किळस आली यात नवल नाही. पण त्याहून अधिक तिला स्वतःची आली. आपण चांगली साडी नेसून येत होतो. आपण केसांना तेल लावून येत होतो, ते केस. तो हात धरायचा तेव्हा आपलं काळीज धडधडायचं आणि तो मनात बादल्या मोजत असायचा. बाळासाहेबांचा हात निदान बाळासाहेबांना हवा म्हणून फिरत होता. हा तर नाक दाबून औषध घ्यावं तसा तिला जवळ घेत होता, म्हाताऱ्या आईचं गू-मूत काढायला फुकटची मोलकरीण मिळावी म्हणून. तिला आपलं अंगच सोलून काढावंसं वाटलं.

गू-मुताची तिला कधी लाज वाटली नव्हती. सरळ विचारलं असतं, की आई आजारी आहे, याल का, तर ती कदाचित गेलीही असती.

पुंडलिक काळजीने बघत होता. "ऊन बाधलं," म्हणाली, आणि डबा त्याच्या हातात देऊन निघून गेली.

तरी शुक्रवारी ती आली, आणि पिशवीसकट आली. मूर्ख म्हणा तिला. तिने स्वतःला अशी समजूत घातली होती, की अर्ज म्हणजे दाखवायचा कागद. सरकारी कागदात माणूस काय वाटेल ते लिहितो, इकाम्यासाठी आपण नाही का लिहिलं? एकदा तोंडावर विचारायचं. तो खरं बोलला तर बघू. तेरा वर्षांनी हाती आलेली गोष्ट अशी एका कागदावर सोडवत नाही.

पंत पगडी घालून, कपाळाला गंध लावून तयार होते. यंत्र गुणगुणत होतं. काटा शून्यापासून दोन बोटांवर आला होता. पुंडलिक दाराशी उभा होता.

"एक विचारायचं होतं," विजया म्हणाली. "तिकडे गेल्यावर माझ्या केसांचं काय?"

त्यांनी पहिल्यांदाच नजर तिच्या पावलांवरून वर उचलली आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं. नजर अगदी नितळ होती.

"आपले केस? त्यांस कोण हात लावील? माझा शब्द आहे."

वॉर्डात पेशंट मरायला टेकला असताना नातेवाइकांना असंच सांगतात. विजयाने स्वतः कितीदा सांगितलं होतं. तिला ओळखायला वेळ लागला नाही. आशा होती ती तिथल्या तिथे गेली, आणि जाताना तोंडात कडू चव ठेवून गेली.

पंतांना काहीच कळलं नाही. ते वाकून घड्याळाचे पेच आवळत होते, हात तेलाने माखले होते. त्यांनी मानेने खोक्यावरच्या कागदाकडे खूण केली. "तेवढी घडी घालून लाख लावाल का? मेणबत्ती तिथेच आहे. घरचं साधं पत्र आहे."

"लावते," विजया म्हणाली.

ती खोक्याशी पाठमोरी बसली. बोरू दौतीतच होता. तिने अर्जाच्या तळाशी, सहीच्या खाली, चौथीतल्या वळणदार मोडीत काहीतरी लिहिलं, फुंकर घालून वाळवलं, घडी घातली, लाख वितळवून ओतली आणि पंतांची मोहर दाबली. पुंडलिकाने हे सगळं पाहिलं. पंतांनी नाही. तिने पाकीट बाकावर ठेवलं, त्यांच्या हाताला हात लागू न देता, आणि चार पावलं मागे सरली.

"यावं," पंत बाकावर बसत म्हणाले. "वेळ होत आली."

"मी येत नाही."

"म्हणजे?"

"मला मोडी येते. आमच्याकडे चौथीत शिकवायचे. मुलींनाही."

पंतांचा चेहरा उतरेल, असं तिला वाटलं होतं. तो उतरला नाही, त्यावर आठी पडली. "परक्याचा कागद वाचणं सभ्य स्त्रीस शोभत नाही."

विजयाला हसू आलं. "लेख लिहिलेत ना तुम्ही? चार?"

"लेख लिहिणं निराळं आणि घरात राहणं निराळं." ते समजावणीच्या सुरात बोलत होते, लहान मुलीशी बोलावं तसे. "आपण उगाच राग मानता. केस काय, पुन्हा वाढतात. मातोश्री काही फार दिवसांच्या सोबती नाहीत. दोन वर्षं कळ काढावी, मग पुढचं पुढे पाहता येईल."

"आणि कार्यवश?"

तेलाचे हात त्यांनी धोतराला पुसले. "तो शब्द शास्त्री मंडळींसाठी आहे. मोहवश लिहिलं असतं, तर प्रायश्चित्त दुप्पट पडतं."

क्षणभर तिला वाटलं, हा माणूस खरं बोलतोय. असेलही त्याला मोह पडलेला. असतील ते दिवस खरे. आणि ते खरे असतील या कल्पनेने तिला जी शिसारी आली, तशी अर्ज वाचतानाही आली नव्हती. माया होती आणि ती त्याने दुप्पट उपास नकोत म्हणून खोडून टाकली होती. कपटी माणूस परवडला असता. हा तर नुसता भित्रा होता, आणि भित्रेपणाला धुतलेलं धोतर नेसवून तिच्यासमोर बसला होता.

"पिशवी तरी द्या," पंत घाईने म्हणाले. "मातोश्रींच्या पाठीला जखमा झाल्या आहेत."

हे मात्र तिला टाकवेना. म्हातारीने तिचं काही वाकडं केलं नव्हतं. तिने पिशवी पायाने बाकाकडे सरकवली. "पावडर दिवसातून दोनदा. जखम आधी उकळलेल्या पाण्याने धुवायची. पेनिसिलीन कसं टोचायचं ते कागदावर लिहिलंय, बाळबोधीत लिहिलंय, सगळ्यांना वाचता येईल असं."

पंतांनी पिशवीच्या बंदाला उपरण्याचं टोक गुंडाळलं आणि मग उचलली. तेवढ्या घाईतही. नंतर त्यांनी पाकीट हातात घेऊन लाखेवरून बोट फिरवलं. मोहर शाबूत होती, त्यांचं समाधान झालं. बाई वाचते, इथवर त्यांची मजल गेली होती. बाई लिहितेही, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. पाकीट अंगरख्यात छातीशी ठेवून ते ताठ बसले आणि पुन्हा तिच्या पावलांकडे बघू लागले.

घंटा वाजल्यासारखा एक टोला पडला. जळक्या तांब्याचा घाणेरडा वास सुटला, आणि मागच्या खणात पुठ्ठ्याच्या खोक्यांशिवाय काही उरलं नाही. जिथे ते रोज न्हायचे तिथली जमीन अजून ओली होती.

पुंडलिकाने कोपऱ्यातला पाण्याचा डबा उचलून विजयापुढे केला. ती घटाघटा प्यायली.

"बाये, आता तू काय करतलंस?"

"उद्या सकाळी मेट्रनला सही नेऊन देते. साताची ड्युटी आहे."

"आणि त्या कागदार काय लिवलंस गो? कोण वाचतलो ता?"

"त्यांच्या गावचे ब्राह्मण, भर सभेत. मोठ्याने वाचतील." विजयाने तोंड पुसलं आणि त्याला ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "'वरील मजकूर वाचला. सदर स्त्री येत नाही. तिला या गृहस्थांची किळस आली आहे. मातोश्रींची कूस दर दोन तासांनी बदलावी, आणि त्यांचे मलमूत्र चिरंजीवांनी रोज स्वहस्ते काढावे. याखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही. विजया आगाशे, स्टाफ नर्स.'"